याडीच्या ढिगाचं वजन

माझं लहानपण काट्याशेजारी गेलं. शिरपूरला देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. शाळेतून आले की दप्तर तिथेच पोत्यावर टाकायचं आणि साखरेच्या पुड्या बांधायला बसायचं. लग्न होऊन जवळच्याच, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला आले तर सासरीही दुकानच. त्यामुळे स्वयंपाकात मीठ कमी पडलं तर मी सोडून देते, पण वजनात कोणी गडबड केली की माझं डोकं तापतं. नवरा सगळ्यांना सांगत फिरतो की हिच्याशी भांडायचं असेल तर आधी माप घेऊन या.

दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली आणि दुपार मला खायला उठली. त्याच सुमारास पुण्याची एक संशोधक मुलगी गावोगाव सर्वेक्षणासाठी बायका शोधत आली. घरोघरी जाऊन मोजायचं होतं: स्वयंपाक कशावर होतो, दिवे किती वेळ लागतात, पंखा आहे का, आणि या सगळ्यात घराला किती कमी पडतं. याला तिच्याकडे 'ऊर्जा दारिद्र्य' असा भारदस्त शब्द होता. मी घरी जेवताना तो सांगितला तेव्हा सासरे म्हणाले, "म्हंजे लाइन जाते तेच ना? ते तं अठी बसूनही मोजता येते." तेवढ्यात लाइट गेली, आणि अंधारात सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

काम मला पहिल्या दिवसापासून आवडलं, कारण त्यात काटा होता. हुकाला लटकवायचा, आकडे दाखवणारा, पिशवीत मावणारा. पद्धत अशी की घरातला सरपणाचा ढीग आज मोजायचा आणि बाईला सांगायचं की उद्यापर्यंत यातूनच जाळा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जाऊन उरलेलं मोजायचं. जे कमी भरेल ते जळालं. गॅसची टाकी असेल तर तिचंही तसंच करायचं. मला वाटलं, याहून सरळ काम जगात नसेल.

पहिल्याच आठवड्यात गॅसच्या आकड्यांनी मला कोड्यात टाकलं. ज्या घरात जावं तिथे गॅस जळत होता, पण इतकासाच, आणि सगळीकडे जवळपास सारखाच. भाकरी, वरण, भाजी, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर आणि गॅस मात्र नेमाने चिमूटभर. मग एका घरी चहा पिताना माझी ट्यूब पेटली. गॅस तिथे पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असायचा, आणि पाहुणी मीच होते. भरतकामाचा रुमाल काढून, शेगडी पुसून, माझ्यासाठी चहा व्हायचा आणि मी गेल्यावर रुमाल परत टाकीवर पडायचा. पुढच्या घरी मी मुद्दाम म्हटलं, "ताई, चहा चुलीवरचाच करा." ताईंचा चेहरा पडला. "काहून? आमच्या घरी गॅस नाही असं वाटलं का तुमाले?" असं म्हणून त्यांनी चहा केलाच, वर दूध जास्त घातलं आणि तो चांगला उकळला. अशा रीतीने त्या वर्षी मानोरा तालुक्यातला बराचसा गॅस मी एकटीने संपवला. पुण्याच्या मुलीला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तर अशी मी, काटा पिशवीत घालून, दिवाळीनंतरच्या एका सकाळी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यात पोचले. तांडा निघायच्या तयारीत होता. ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक दोन-तीन दिवसांत येणार होते. दारोदार गाठोडी बांधणं चाललं होतं आणि कोंबड्या कोणाकडे ठेवायच्या यावरून वाद चालू होते. माझ्या यादीतलं पहिलं घर आळीच्या तोंडाशी होतं. तिथे सगळा तांडा जिला याडी म्हणतो ती बाई राहत होती. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. साठी ओलांडलेली, काटकुळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातला माणूस वळून पाहील. मला पाहताच म्हणाली, "ये वं बाई. मोजून घे सगळं. मलेही मोज."

घरात तिचा मुलगा आणि सून सामान बांधत होते आणि मी आत पाऊल टाकलं ते नेमकं भांडणात. मुलाचं म्हणणं, यंदा याडीने इथे एकटीने राहायचं नाही. ट्रक वाशिमवरून जाणार, तिथे त्याच्या बहिणीकडे तिला उतरवून द्यायचं, पाडव्याच्या सुमारास टोळी परतेपर्यंत तिने तिथेच राहायचं. गेल्या थंडीत ती सरपणाला रानात गेली, गुडघा मुरगळून पडली आणि कोणी गुराखी येईपर्यंत तिथेच पडून राहिली होती. "तठी ऊस तोडता तोडता फोन वाजला का माहा जीव उडून जाते," तो मला म्हणाला. तो काही हट्टी माणूस नव्हता. मला त्याचं पटत होतं.

याडीला पटत नव्हतं. "वाशिमले काय करू मी? वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आंगन नाही, शेळी नाही. सकाळी उठून गॅसचं बटन फिरवायचं आन भिंतीकडं पाहत बसायचं? माही चूल अठी हाय."

"चुलीले इंधन कोन आनून दील तुले?"

"हाय ना ढीग."

"पुरते का तो?"

"पुरते!"

"नाही पुरत!"

दोघंही थांबले आणि दोघांचीही नजर माझ्या हातातल्या काट्यावर गेली. मुलाचा चेहरा उजळला. "मॅडम, तुमी मोजूनच राह्यल्या तं मग तुमीच सांगा. एका दिवसाले किती जळते ते काढा आन ढिगाले भागून टाका. आमी येईपर्यंत पुरलं तं ऱ्हाईन याडी अठी. नाही पुरलं तं वाशिम."

"चालते," याडी म्हणाली. मला कोणी विचारलंच नाही. मी सर्वेक्षणाला आले आहे, पंचायत करायला नाही, असं मी चांगलं ठणकावून सांगितलं. पण तोवर बातमी आळीभर झाली होती आणि अंगणात बायका जमल्या होत्या.

लिंबाच्या फांदीला काटा टांगला आणि एकेक मोळी बांधून ढीग मोजला. पळसाची आणि बोरीची वाळलेली लाकडं होती. काम करता करता मी नेहमीचं वाक्य म्हटलं, की उद्यापर्यंत याच ढिगातून जाळायचं, उद्या मी परत मोजणार. गर्दीतल्या एका बाईने विचारलं, "बाई, उद्या जास्त भरलं तं चांगलं का कमी भरलं तं?" असे प्रश्न आले की आम्ही उत्तर द्यायचं नाही असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मी म्हटलं, "जे भरेल ते चांगलं." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जाताना मी याडीला बजावलं, "रोजच्यासारखाच स्वयंपाक करायचा. लाकूड वाचवायला उपाशी राहायचं नाही."

"मी कायले उपाशी राहू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ढीग मोजला आणि तो कालच्यापेक्षा जास्त भरला.

मी परत मोजला. परत जास्त. मग मला वाटलं, काटाच बिघडला. तांड्यातल्या टपरीवरून मिठाची पिशवी मागवली, हुकाला लावली. किलोची पिशवी बरोबर किलो भरली. चूल पाहिली तर राख गरम होती, भाकरी झालेल्या होत्या, बोरीचं लाकूड अर्धं जळून बाजूला ओढलेलं होतं. म्हणजे जाळ झाला होता. जळूनही लाकूड वाढलं होतं. वजन कमी देणारे व्यापारी मी जन्मभर पाहिले, ओल्या मालाचे, खडे घातलेले, सगळे प्रकार मला पाठ आहेत. पण हा प्रकार मला नवीन होता आणि माझा पारा चढत चालला.

याडी खुशीत होती. "पाह्यलं का? वाढलं! आता पुरते का नाही?"

मुलगा म्हणाला, "याडी, लाकूड काय कोंबडी हाय का? बसल्या बसल्या अंडी द्याले?"

अख्खी आळी हसली. मी सोडून. मी पुण्याला फोन लावला. मुलगी म्हणाली, "काकू, आकडा ऋण कसा येईल? पुन्हा मोजा." म्हटलं, मोजतेच. या वेळी मी ढिगाला सुतळी बांधली, आमच्या दुकानात पोत्याला मारतात ती गाठ मारून, जी कापल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी लागेल तेवढं सरपण वेगळं मोजून चुलीशी ठेवलं. मग सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहून मी बसस्टॉपवर गेले.

तिसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी होती. ढीग मात्र फुगला होता. सुतळीच्या खालून, वरून, मधून काटक्या खोचल्या होत्या. भाजीवाली जुडीत दोन काड्या वरून घालते तशा, फक्त इथे घेणारं कोणी नव्हतं. मी पदर खोचला, अंगणात बसकण मारली आणि एकेक काडी उपसायला लागले. पळस आणि बोरीच्या त्या ढिगातून कपाशीची पऱ्हाटी निघाली. तुरीची तुऱ्हाटी निघाली. बाभळीचा फाटा, मोडक्या मुसळाचं अर्धं, आणि शेवटी एक खाटेचा पाय.

"हा खाटेचा पाय कोणाचा आहे?" मी तो वर धरून विचारलं.

सगळ्या बायकांनी एकाच दिशेला पाहिलं. जिच्याकडे पाहिलं ती तोंडावर पदर घेऊन गदगदा हसत होती. "माहा हाय बाई. मोडली होती खाट. काल इस्तू नेला ना मी याडीच्या घरून, मंग टाकला."

आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. इस्तू म्हणजे विस्तव. याडी अख्ख्या आळीत सगळ्यात आधी उठते आणि तिची चूल सगळ्यात आधी पेटते. मग ज्या त्या घरची बाई ताटलीत नाहीतर फुटक्या खापरात तिच्या चुलीतला निखारा घेऊन जाते आणि आपली चूल पेटवते. काडेपेटी सगळ्यांकडे आहे, पण सकाळच्या घाईत निखाऱ्यावर चूल लवकर धरते, आणि जाता-येता दोन गोष्टीही होतात. विस्तव नेला की रानातून येताना एक लाकूड तिच्या ढिगावर टाकायचं. याडीचे गुडघे धरल्यापासून हे असंच चाललं होतं. एरवी एकेकच पडायचं. या दोन दिवसांत, याडीचं माप चाललंय म्हटल्यावर, कोणी दोन टाकली, कोणी तीन, आणि एकीने मोडक्या खाटेचा पायच टाकला.

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगते, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की तो खाटेचा पाय हातात धरूनच मी हसत बसले. आमचं सर्वेक्षण घराघराचं होतं. एक चूल, एक घर, एक आकडा. इथे एका चुलीचा जाळ सगळ्या आळीत फिरत होता आणि लाकडं उलट वाटेने येत होती. म्हणून ती गरिबी नव्हती असं कोणी समजू नये. याडीचे डोळे धुराने कायम लाल असायचे, खोकल्याची उबळ आली की तिला भिंत धरावी लागायची आणि गॅसची रिकामी टाकी कोपऱ्यात मोबाइल ठेवायच्या कामाला होती. हे सगळं मी लिहिलं. पण ते लिहिताना माझं तोंड हसरं होतं.

हसत नव्हता तो फक्त मुलगा. सगळ्यांचं बोलून होऊ दिलं आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "मले हे ठावूक नोतं. बरं हाय. पन उद्या ह्या सगळ्या ट्रकात बसतीन. मंग कोन टाकीन लाकूड?"

खरंच होतं. आळीतली तीन-चार म्हातारी घरं सोडली तर सगळ्याच टोळीबरोबर जाणार होत्या.

त्याने मला विचारलं, "मॅडम, आता सांगा. जेवढं हाय तेवढ्यात पुरते का?"

वेगळ्या मोजून ठेवलेल्या सरपणातून एका दिवसाचा जाळ मला मिळाला होता. मी भागाकार केला. याडी माझ्याकडे टक लावून पाहत होती. तिच्यासाठी दोन शब्द इकडचे तिकडे करावेत असं मला फार वाटलं, पण तो माणूस आईच्या जिवाचा प्रश्न विचारत होता आणि काट्यावरचं खोटं माझ्या तोंडून निघत नाही. मी म्हटलं, "होळीपर्यंतही नाही पुरणार."

याडी आत जाऊन चुलीपुढे बसली आणि फुंकणी घेऊन उगाच फुंकत राहिली. चुलीत पुरेसा जाळ होता. मी बसमध्ये बसले तेव्हा मला स्वतःचाच राग येत होता, काट्याचाही आणि पुण्याच्या त्या मुलीचाही, जिचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला तांड्यातली उरलेली घरं करायची होती. पोचले तेव्हा ट्रक आळीच्या तोंडाशी उभा होता, टपापर्यंत भरलेला. भांडी, गोधड्या, कोयते, एक सायकल, आणि सगळ्यांच्या वर याडीचं गाठोडं. याडी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. मुकादम घड्याळ दाखवत सगळ्यांवर ओरडत होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तेवढ्यात खाटेचा पाय टाकणारी ती बाई समोरून आली. डोक्यावर तिच्या घरच्या सरपणाची मोळी होती. ती तिने याडीच्या अंगणात धाडकन टाकली. "घर बंद करून चाललो याडी. मागं कोन जाळीन हे? वाळवी खाईन फुकट."

ती वळायच्या आत दुसरी आली. मग तिसरी. मग दारं लावून ट्रककडे निघालेल्या बायका परत फिरल्या आणि घरामागचे ढीग उचलायला धावल्या. गोवऱ्यांच्या पाट्या आल्या, तुऱ्हाट्यांचे भारे आले, नवऱ्यांच्या डोक्यावर आले, पोरांच्या काखेत आले. मुकादमाने आधी हॉर्न वाजवला, मग शिव्या दिल्या, मग डोक्याला हात लावून टायरवर बसला. ढीग छपराच्या वळचणीला टेकला. याडी उठून उभी राहिली आणि येणारी प्रत्येक मोळी पाहत राहिली.

"लावा काटा!" कोणीतरी मला ओरडून सांगितलं.

मी ट्रकच्या मागच्या फळीला काटा टांगला. बायका मोळ्या आणून देत होत्या, मी आकडे म्हणत होते आणि सून बेरीज करत होती. अर्धा ढीग झाला तेव्हाच मी हात वर केले. "बस झालं! होळी राहू द्या, पोळ्यापर्यंत पुरतं!"

असा गलका झाला की शेळ्या दावी तोडायला लागल्या. सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो ढिगाकडे पाहत होता. रानात जायची गरज उरली नव्हती, हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळलं असावं. तो ट्रकवर चढला, आईचं गाठोडं उचललं आणि खाली सोडलं. ते मीच झेललं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी हसतही होते.

मग त्याने गोधड्यांखालून कुऱ्हाड ओढून काढली आणि खाली उडी मारली. ढिगात कोणीतरी आणून टाकलेलं एक मोठं बाभळीचं खोड होतं, जे याडीला कधीच फोडता आलं नसतं. ते त्याने पायाखाली घेतलं आणि घाव घालायला सुरुवात केली. मुकादमाने परत हॉर्न दाबला. त्याने मान वर केली नाही. ढलप्या उडत होत्या, सून त्या गोळा करून रचत होती, आणि याडी त्याच्या शेजारी उभी राहून, नाक ओढत, पदराने डोळे पुसत, अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला रागवत होती.

"बारीक कर रे, बारीक! एवढालं माह्या चुलीत जाते का?"

"करून राह्यलो ना याडी," तो म्हणाला, आणि आणखी बारीक करत राहिला.